दोन तोंडांचे वासरू दिसते, अडलेली गाय दिसत नाही

अमक्या गावात दोन तोंडांचे वासरू जन्मले, बघ्यांची झुंबड उडाली, अशी बातमी वर्षातून एखाद-दुसरी तरी जिल्ह्याच्या दैनिकांतून येतेच. सोबत फोटो असतो. वासरू पोत्यावर ठेवलेले, दोन्ही कपाळांना हळद-कुंकू, शेजारी ताटलीत चिल्लर, आणि मागे माना उंचावून पाहणारी पोरे. आता तर पेपर हातात पडायच्या आधीच तो फोटो व्हॉट्सॲपवर चार तालुके फिरून आलेला असतो. 'दैवी चमत्कार' म्हणणारे जितके, तितकेच 'गावावर काहीतरी संकट येणार' म्हणणारे. एक-दोन दिवसांत वासरू मरते आणि बातमीही तिथेच संपते.

या बातम्यांत दोन गोष्टी कधीच छापून येत नाहीत. ते वासरू जिच्या पोटातून आले त्या गायीचे पुढे काय झाले? आणि त्या वासराचा बाप कोण? बाप म्हणजे कांडीवर छापलेला वळूचा नंबर. वासरू गेले तर एका वेताचे नुकसान. पण गाय गेली तर साठ-सत्तर हजारांपासून लाखापर्यंतचे जनावर जाते, डेअरीची बिले थांबतात, आणि गायीवर काढलेले कर्ज मात्र जिवंत राहते. वळूचा नंबर हरवला तर काय जाते, ते लगेच कळत नाही. ते पुढे पाहू.

आधी चमत्काराविषयी. दोन तोंडांचे वासरू म्हणजे अर्धवट वेगळे झालेले जुळे. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असताना त्याचे दोन भाग व्हायला लागतात आणि काम मध्येच थांबते. कधी डोके दुहेरी होते, कधी पाय जास्त येतात, कधी छातीपर्यंत दोन आणि खाली एकच धड. गायींत असा प्रकार ढोबळमानाने लाखात एखाद्या वेताला होतो असे मानतात. तो आपसूक होतो. त्यात मालकाचे पाप नाही, गावाचे दैव नाही आणि गायीचा दोषही नाही. ग्रहणात गाभण गाईला गेरू लावायची चाल काही भागांत आहे. लावला म्हणून बिघडत नाही, पण लावल्याने हे टळतही नाही. अशा गायीला 'अवलक्षणी' ठरवून बाजार दाखवणारे लोक आहेत. दुसऱ्या वेताला तीच गाय धडधाकट कालवड देऊ शकते, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

याहून भयंकर दिसणारा प्रकार म्हणजे उलटा दुमडलेला गर्भ. डॉक्टरांच्या भाषेत शिस्टोसोमस रिफ्लेक्सस. यात वासराचा पाठीचा कणा मागच्या बाजूला वाकून डोके शेपटीजवळ येते, पोटाची भिंत मिटलेलीच नसते, आणि काळीज, आतडी उघडी पडलेली असतात. गाय कळा द्यायला लागते आणि पाय-तोंड यायच्या ऐवजी आतडी बाहेर येतात. मग फोनवर एकच ओरडा असतो, "डॉक्टर, गायीची आतडी भाईर आली, लवकर या!" अनुभवी डॉक्टर अशा वेळी पहिली गोष्ट सांगतो ती ही, "दादा, हात लावू नका, ओढू नका, कापू तर मुळीच नका. ती गायीची आहेत का वासराची, ते मी येऊन बघतो." पुष्कळदा ती वासराची निघतात. अशा वेळी गर्भ पोटातच कापून तुकड्यांनी काढावा लागतो, नाहीतर गायीचे पोट फाडून शस्त्रक्रिया करावी लागते. वेळेवर झाली तर गाय वाचते, आणि गोठ्यात उभ्या गाईवर भूल देऊनही ती करता येते. घाबरून चौघांनी ओढले तर वासराचा ताठ सांगाडा गर्भाशय फाडतो.

डोक्यात पाणी भरून कवटी भोपळ्याएवढी झालेले वासरू, सगळ्या अंगात पाणी साठून फुगलेले वासरू, सांधे आखडून पाय लाकडासारखे ताठ झालेले वासरू, यांची गोष्टही तीच. वासरू बहुतेक वेळा वाचणार नसतेच. वाचवायची असते ती गाय.

अडलेल्या जनावरांत व्यंग थोडे, खोळंबा जास्त

ही सगळी व्यंगे दुर्मीळ आहेत. अडलेल्या शंभर जनावरांत व्यंगाची थोडीच निघतील. बाकीची का अडतात? गायींत मुख्य कारण दोन प्रकारचे. एकतर वासरू धड असते पण वाकडे आलेले असते, म्हणजे एक पाय मागे दुमडलेला, मान बाजूला वळलेली, किंवा शेपूट पुढे आणि पाय पोटाखाली. दुसरे, वासरू वाटेपेक्षा मोठे असते.

हे दुसरे कारण आपल्या हातचे आहे. होलस्टीनचे वासरू ३५-४० किलोचे असते. ती कांडी आपण लहान चणीच्या देशी गाईला किंवा अंगाने न भरलेल्या कालवडीला भरतो. पहिला माज दिसला की भरवून टाकायची घाई असते. संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास झाल्याशिवाय भरवू नये, म्हशीची पारडी त्याहून थोडी जड असावी, असे पशुसंवर्धन खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. आपण वजन बघत नाही, वय मोजतो, आणि तेही अंदाजाने. लहान चणीच्या गाईला होलस्टीनऐवजी जर्सी भरवली तर वासरू आटोपशीर येते. कमी दूध देईल म्हणून जर्सी नको, असे म्हणणाऱ्या मालकाने एका अडलेल्या वेताचा खर्च मांडून बघावा.

म्हशीचे दुखणे वेगळे. आपल्याकडे अडलेल्या म्हशींत सगळ्यांत मोठा वाटा गर्भाशयाला पीळ पडण्याचा असतो. भरलेले गर्भाशय स्वतःभोवती फिरते, पिशवीचे तोंड दोराने आवळावे तशी वाट आवळली जाते. बहुतेक वेळा पीळ उजवीकडे असतो. फसवणूक इथेच होते. दहा महिने भरलेली म्हैस, कास तटतटलेली, सकाळी ऊठबस केली, शेपटी वर धरली, कळा दिल्या. दुपारी शांत झाली. पाणमोट नाही, पाय नाही, काही नाही. मालक म्हणतो, "खोट्या कळा असतील, अजून दिवस हायेत." म्हैस वैरण कमी खाते, पण उभी असते. दोन दिवस असेच जातात. तोवर आत पारडू मेलेले असते, गर्भाशयाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, आणि डॉक्टर येतो तेव्हा त्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

कळा येऊन थांबल्या आणि दिवस भरलेले आहेत, तर तीच धोक्याची खूण समजावी. पहिल्या काही तासांत बोलावले तर डॉक्टर हात घालून पिळाची बाजू ओळखतो. म्हैस त्याच बाजूवर पाडतात, पोटावर फळी ठेवून एक माणूस त्यावर उभा राहतो, आणि पाय बांधलेली म्हैस झटक्याने त्याच दिशेला उलथतात. गर्भ फळीने दाबून जागेवर धरायचा आणि म्हैस त्याच्याभोवती फिरवायची, अशी ती युक्ती आहे. पाहताना सोपी वाटते, म्हणून काही गावांत लोक स्वतःच करू जातात. पिळाची बाजू चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. हे काम बाजू ओळखणाऱ्यानेच करावे.

गाईच्या बाबतीत ढोबळ हिशोब असा. पाणमोट फुटल्यापासून तासाभरात पाय दिसले नाहीत, किंवा पाय दिसून अर्धा-पाऊण तास कळा देऊनही वासरू पुढे सरकले नाही, तर डॉक्टरला फोन करावा. पहिलारू कालवडीला थोडा जास्त वेळ द्यावा, पण दोन तासांच्या पुढे तिचीही वाट पाहू नये. दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेले तोंड, हे बरोबर. खुरांचे तळवे जमिनीकडे असले तर बहुधा पुढचे पाय. आकाशाकडे असले तर बहुधा मागचे. मागच्या पायांनी आलेले वासरूही जन्मते, पण नाळ आत दाबली जात असल्याने तिथे वेळ फार थोडा असतो. एकच पाय दिसतो, किंवा पाय आहेत पण तोंड नाही, तर दोर बांधायची घाई करू नये.

ओढायचे झालेच तर दोन माणसांच्या जोरापलीकडे नाही, गायीच्या कळेबरोबर, एक पाय थोडा मग दुसरा पाय थोडा, आणि वासरू अर्धे बाहेर आले की खाली खुरांच्या दिशेने. हात साबणाने धुतलेले, वाट खोबरेल किंवा गोडेतेलाने ओली केलेली. बैलजोडी नको. ट्रॅक्टर तर नकोच. ट्रॅक्टरला दोर बांधून वासरू काढल्याच्या फुशारक्या पारावर ऐकू येतात. त्यातल्या किती गाई नंतर मागच्या पायांवर उठल्या, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसरी खोड दूध सोडण्याच्या इंजेक्शनाची. गाय अडली की कोणीतरी ते टोचते. वाट बंद असताना किंवा वासरू आडवे असताना गर्भाशयाला असा जोर आणला तर ते फुटते.

कांडीवरचा नंबर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दोन तोंडांचे वासरू आपसूक होते, पण सगळीच व्यंगे तशी नसतात. काही रक्तातून येतात, आणि ती येण्याची तऱ्हा मोठी लबाड आहे. दोष असलेला वळू स्वतः धडधाकट असतो, त्याच्या मुलीही धडधाकट आणि दुभत्या असतात. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच वासरात उघडा पडतो. असा वळू गावात भरवला तर त्याच्या निम्म्या मुली तो दोष गुपचूप बाळगतात. पुढे त्या मुलींना पुन्हा त्याच वळूची कांडी भरली, तर आठ वासरांत सरासरी एक वासरू दोषी निघते. आठांत एक म्हणजे मालकाला ते नशीब वाटते, कारण त्याच्या दावणीला आठ गाई नसतातच. गावातल्या आठ दावणींचा हिशोब एका जागी मांडला तरच ते दिसते.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. ऑसबोर्नडेल आयव्हॅन्हो नावाचा होलस्टीन वळू १९५२ साली जन्मला. नामांकित होता, त्याचा वंश जगभर पसरला. त्याच्या वंशात काही वासरे जन्मताना बरी दिसत, पण पुढे न्यूमोनिया, तोंडातले व्रण, न भरणाऱ्या जखमा होऊन मरत. अंगातल्या पांढऱ्या पेशी रोगाच्या जागी पोचतच नसत. हा 'ब्लॅड' नावाचा दोष नेमका कुठे आहे ते १९९२ मध्ये कळले, आणि तपासले तेव्हा तिथल्या वरच्या फळीतील वळूंपैकी सुमारे १४ टक्के तो दोष बाळगून होते. भारतातही होलस्टीन आणि संकरित वळूंत हा दोष बाळगणारे पुढे सापडले. याच आयव्हॅन्होच्या मुलाचा मुलगा बेल, तोही दुधासाठी गाजलेला. त्याच्या वंशातून आखूड मानेची, पाठीचा कणा वाकडा आणि पाय आखडलेली वासरे निघाली. पुष्कळ तर दिवस भरायच्या आत पडली. हा दोष २००० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये ओळखला गेला.

डेन्मार्कमध्येच का? कारण तिथे व्यंग असलेली वासरे नोंदवून तपासणीला पाठवायची पद्धत आधीपासून होती. एका गोठ्यात वाकड्या मानेचे वासरू पडले, दुसऱ्या गोठ्यात पडले, तिसऱ्या गोठ्यात पडले, आणि कागदावर तिन्हींचा आजा-पणजा एकच निघाला. तीच वासरे जगात इतरत्रही पडत असणार. तिथे ती पुरली गेली.

तिसरे उदाहरण याहून मोठे. १९६२ साली जन्मलेला चीफ नावाचा वळू. त्याच्या रक्तातल्या एका दोषामुळे वासरू पोटातच मरते. या एका दोषापायी पस्तीस वर्षांत जगभर सुमारे सव्वापाच लाख गाई गाभडल्या आणि ४२ कोटी डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. गंमत अशी की त्याच वळूने वाढवलेल्या दुधाची किंमत या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त भरली. म्हणजे तो वळू टाकाऊ नव्हता. कोणत्या गाईला तो भरवू नये, एवढेच कळायला हवे होते.

आपल्या भागात संकरित गाय घरोघर आली त्यात उरुळीकांचनच्या बाएफचा वाटा मोठा. मणिभाई देसाईंनी ती संस्था १९६७ मध्ये उभी केली. कांडी दारापर्यंत आली आणि दूध वाढले, यात वाद नाही. आज वीर्यकेंद्रांना केंद्र सरकारने घालून दिलेली मानके आहेत. होलस्टीन आणि त्याच्या संकराच्या वळूची ब्लॅडसह काही ठरावीक दोषांसाठी तपासणी करावी लागते. म्हणजे नोंदणीकृत केंद्राची कांडी असेल तर माहीत असलेल्या दोषांची धास्ती कमी. पण चाचणी फक्त माहीत असलेल्या दोषाची होते. नवा दोष आधी कुठल्यातरी गोठ्यातच दिसतो. आणि आपल्या गोठ्यात काय होते? भरवणारा येतो, कांडी गनमध्ये घालतो, काम झाले की रिकामी कांडी उकिरड्यावर. मालकाला विचारावे कोणता वळू होता, तर उत्तर येते, "एचएफचा व्हता, चांगला व्हता."

देवाला सोडलेल्या वळूची आणि गावच्या रेड्याची गोष्ट याहून अवघड. एकच रेडा सात-आठ वर्षे गावात फिरतो, त्याच्या मुली म्हशी होतात आणि त्याच्याच पुढे येतात. तिथे कांडीही नाही, नंबरही नाही. दर तीन वर्षांनी रेडा बदलायचा, दूरच्या गावाशी अदलाबदल करायची, एवढे ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखे आहे. भावकीचे वाद मिटवण्यापेक्षा तरी सोपे.

सगळा दोष बापावर ढकलूनही चालणार नाही. जंताचे अल्बेंडाझोल हे औषध गाभणपणाच्या पहिल्या दीड महिन्यात दिले तर गर्भात व्यंग येऊ शकते. गाभण आहे की नाही हे न बघता दिवाळीच्या आत सगळी दावण एकदम पाजण्याची पद्धत म्हणून धोक्याची. सुबाभळीचा पाला स्वस्त आणि पौष्टिक, पण वैरणीत तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला तर गळ्याला गलगंड असलेली अशक्त वासरे होऊ शकतात. दुष्काळात महिनोन् महिने हिरवे न मिळालेल्या गाईची वासरे कधी आंधळी जन्मतात, ती अ जीवनसत्त्वाच्या अभावाने.

काही व्यंगे तर बरी होणारी असतात आणि आपण वासरू सोडून देतो. शेणाची वाट बंद असलेले वासरू पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे नेले तर छोट्या शस्त्रक्रियेने वाचू शकते. पुढचे पाय दुमडून गुडघ्यावर चालणाऱ्या वासराला कापूस गुंडाळून बांबूच्या कामट्या किंवा पीव्हीसी पाइपाचा अर्धा तुकडा बांधला की पुष्कळदा थोड्याच दिवसांत पाय सरळ होतात. आणि जुळ्यात एक गोऱ्हा, एक कालवड असेल तर ती कालवड दिसायला कितीही देखणी असो, दहात नऊ वेळा वांझ निघते. तिला तीन वर्षे पोसण्याआधी तपासून घ्यावे.

वही कोणी ठेवायची?

राज्याने १ जून २०२४ पासून जनावरांच्या कानाला बारा आकडी बिल्ला सक्तीचा केला. बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री नाही, असा नियम आला. त्या नंबरावर भारत पशुधन प्रणालीत रेतनाची आणि वेताची नोंद करता येते. सोय आहे. पण खाजगी माणसाने भरवलेल्या गाईंची नोंद कितीदा होते, आणि वासरू मेलेले किंवा व्यंगाचे निघाले तर ते कोण भरते, हे प्रत्येक गावाने आपापले बघावे. माझे मत असे की हे काम दूध संस्थेच्या सचिवांनी अंगावर घ्यावे, कारण कोणाची गाय कधी आटली आणि कधी व्याली हे गावात त्यांना सगळ्यांत आधी कळते. दोनशे पानी एक वही पुरे. तारीख, मालक, बिल्ल्याचा नंबर, वळूचा नंबर, काय दिसले, गायीचे काय झाले. महिन्याला ती वही पशुधन पर्यवेक्षकांना किंवा पशुधन विकास अधिकाऱ्यांना दाखवायची. एका नंबरापुढे तीन गावांतून सारखेच वासरू निघाले तर वीर्यकेंद्राला पत्र पाठवणे त्यांचे काम. सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ग्रामसभेत एकदा विषय घेतला तरी वही सुरू होईल.

मालकाने करायचे त्याहून थोडे. गाय भरवली की रिकामी कांडी मागून घ्यावी. तिच्यावर वळूचा नंबर, जात आणि केंद्राची खूण छापलेली असते. गोठ्यातल्या कॅलेंडरला त्याच तारखेला चिकटपट्टीने लावून ठेवली की झाले. त्यापुढे गाईला २८० आणि म्हशीला ३१० दिवस मोजले की वेताची तारीखही समोर येते. त्या गाईची कालवड भरवायची वेळ आली की तोच नंबर नको म्हणायचे.

अडलेल्या जनावरासाठी फोन करताना डॉक्टरला चार गोष्टी सांगाव्यात: पहिलारू की जुनी, दिवस किती भरले, कळा कधी सुरू झाल्या, आणि आतापर्यंत कोणी हात घातला किंवा काही टोचले का. शेवटचे लपवू नये. गावचा डॉक्टर मिळाला नाही तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे. मेलेले किंवा व्यंगाचे वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नये, कुत्र्यांपुढे टाकू नये. गाभडण्याचे काही रोग माणसालाही होतात. फोटो काढावा, डॉक्टरला दाखवावे, मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. आणि कांडी सापडली नाही तर ज्याने गाय भरवली त्याला त्याच दिवशी नंबर विचारावा. महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.